मोजणाऱ्याचा हात

१८६३ साली कुमाऊंमधल्या मिलम गावचे दोन चुलतभाऊ देहरादूनला आले. एक नैनसिंह रावत, पेशाने शाळामास्तर, आणि दुसरे मणिसिंह. ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे या हिंदुस्थानच्या त्रिकोणमापणी खात्याच्या तिथल्या कचेरीत त्यांना सर्वांत जास्त काय शिकवलं गेलं असेल, तर चालायला. चढ असो, उतार असो, बर्फ असो की वाळू, पाऊल तेवढंच पडलं पाहिजे. मैलाला साधारण २००० पावलं. मोजणी चुकू नये म्हणून हातात जपमाळ, पण १०८ मण्यांची नव्हे, १०० मण्यांची. शंभर पावलं झाली की एक मणी ओढायचा. माळ पुरी झाली की दहा हजार पावलं, म्हणजे पाच मैल. प्रार्थनाचक्राच्या पोटात मंत्राऐवजी नोंदींचे कागद. पाणी किती तापमानाला उकळतं त्यावरून उंची काढायची, ताऱ्यांवर सेक्स्टंट धरून अक्षांश काढायचा. तिबेटात परक्यांना मज्जाव होता, म्हणून हे सगळं चोरून करायचं होतं. या तयारीवर नैनसिंह काठमांडूमार्गे जानेवारी १८६६ मध्ये ल्हासाला पोहोचले. पुढे १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिलं.

त्याच देहरादूनमध्ये आज भारतीय सुदूर संवेदन संस्थेत देशभरातून मुलं-मुली येतात. जीपीएस, उपग्रहचित्रं आणि संगणकावरचे नकाशे शिकतात. या दोन प्रशिक्षणांच्या मध्ये दीडशेहून जास्त वर्षं आहेत. मोजणीच्या यंत्रांचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. ती यंत्रं धरायला माणसं कशी तयार केली, कोणाला शिकवलं आणि कोणाला लांब ठेवलं, हा इतिहास त्यामानाने दुर्लक्षित राहिला. मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण नकाशा कोणाच्या बाजूने बोलणार हे बरंचसं तिथेच ठरतं.

नैनसिंहांच्या आधीचा धागा मद्रासला सापडतो. १७९४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचे खगोलशास्त्रज्ञ मायकेल टॉपिंग यांच्या आग्रहावरून तिथे सर्वेक्षणाची शाळा निघाली. पहिली तुकडी आठ मुलांची. ती अनाथाश्रमातली मुलं होती, बहुतेक गोऱ्या सैनिकांची. कंपनीला इंग्लंडहून सर्वेक्षक आणणं परवडत नव्हतं. पोरकी मुलं स्वस्तात मिळत होती आणि लहानपणापासून हाताखाली घडवता येत होती. ही शाळा वाढत वाढत आजचं गिंडीचं अभियांत्रिकी महाविद्यालय झाली. पण तिचा खरा ठसा उमटला तो विल्यम लॅम्बटनच्या तुकडीत. १८०२ साली लॅम्बटनने मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी पायारेषा मोजून भारतीय उपखंडाची त्रिकोणमापणी सुरू केली, तेव्हा त्याच्या हाताखालचे साहाय्यक याच शाळेतून आले होते. सुमारे अर्धा टन वजनाचं थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, डोंगरमाथ्यांवर आणि देवळांच्या गोपुरांवर चढवायचं, कोन पुनःपुन्हा वाचायचे, वहीत उतरवायचे. मुलं हे लॅम्बटनच्या तंबूत राहून शिकली. लॅम्बटन स्वतः १८२३ च्या जानेवारीत काम करता करता वारला तो आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला. त्याची कबर तिथेच आहे.

कलकत्त्याचे राधानाथ सिकदार १८३१ मध्ये त्रिकोणमापणीच्या याच खात्यात गणक म्हणून लागले. हिमालयाच्या पंधराव्या क्रमांकाच्या शिखराची, म्हणजे आजच्या एव्हरेस्टची, उंची काढणाऱ्या आकडेमोडीशी त्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं आहे. मला इथे त्यांचं दुसरं काम सांगायचं आहे. १८५१ मध्ये स्मिथ आणि थुइलिअर यांनी हिंदुस्थानासाठी सर्वेक्षणाचं पाठ्यपुस्तक काढलं. त्यातले गणिताचे महत्त्वाचे भाग सिकदारांचे होते आणि प्रस्तावनेत तसं स्वच्छ म्हटलंही होतं. सिकदार १८७० मध्ये गेले. १८७५ च्या आवृत्तीत त्यांचा मजकूर राहिला, नाव मात्र गळालं. पुढच्या पिढ्यांतले विद्यार्थी ज्याच्या रीतीने गणितं सोडवत होते, तो कोण हे त्यांना कळू दिलं गेलं नाही. तेव्हाच्या काही इंग्रजांनीही यावर जाहीर टीका केली होती, हेही नोंदवायला हवं.

आपल्याकडची परंपरा पायारेषेची नव्हे, शेताची. शिवकाळात अण्णाजी दत्तोंनी जमीन मोजवली ती पाच हात पाच मुठींच्या काठीने. वीस काठ्या लांब, वीस काठ्या रुंद तो बिघा आणि १२० बिघ्यांचा चावर. इंग्रजी अंमल आल्यावर १८२० च्या दशकात प्रिंगल या अधिकाऱ्याने पुणे भागात नवी मोजणी केली. ती फसली. एकतर निव्वळ उत्पन्नाचं त्याचं गणित फार बारीक होतं आणि दुसरं म्हणजे मोजणी करणारे कारकून पुरेसे तयार नव्हते. त्यांच्या कामावर देखरेख नव्हती, चिरीमिरीला वाव होता. सारा डोईजड झाला आणि गावं ओस पडू लागली. मग १८३५-३६ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यातून पुन्हा सुरुवात केली. १८४७ च्या संयुक्त अहवालाने ती पद्धत पक्की झाली आणि मुंबई इलाखाभर गेली. प्रिंगलच्या फजितीतून त्यांनी घेतलेला धडा माणसांविषयी होता. मोजणीदार आणि प्रतबंदी करणारे, म्हणजे जमिनीचा कस ठरवणारे, वेगळे ठेवायचे, दोघांनाही रानात तयार करायचं, आणि त्यांनी मोजलेली काही शेतं वरच्या अधिकाऱ्याने स्वतः जाऊन परत मोजायची.

त्या पद्धतीचं हत्यार म्हणजे शंकू आणि साखळी. साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा भाग म्हणजे सोळा आणे. एका आण्याला दोन फूट पाऊण इंच. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद असा चौरस म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. आज जमिनीच्या जाहिरातीत गुंठा वाचणाऱ्याला त्या शब्दामागची लोखंडी साखळी माहीत नसते, पण हिशेब तिचाच आहे. शेताच्या मधून एक पायारेषा टाकायची. शंकू, म्हणजे डोक्यावर काटकोनात खाचा असलेला दांडा, त्या रेषेवर उभा करायचा आणि बांधाच्या प्रत्येक वळणापर्यंत काटकोनात अंतर घ्यायचं. मग ते तिथेच, रानातच, कागदावर उतरवायचं. हा कागद म्हणजे टिपण. त्यात प्रमाण नसतं, सुबकपणा नसतो, पण प्रत्येक आकडा साखळीचा असतो. शिकाऊ माणसाला सगळ्यात अवघड जायचं ते साखळी ताणणं. सैल राहिली तर शेत मोठं भरतं, झुडपावरून गेली तरी मोठंच भरतं. वापरून वापरून साखळीच्या कड्या झिजल्या आणि ती स्वतःच लांबली, तर शेत लहान भरतं. म्हणून ती ठरावीक काळाने पक्क्या मापाशी ताडून पाहायची शिस्त होती. हातातल्या साधनावर आधी संशय घ्यायचा, मग जमिनीवर, हा या विद्येचा पहिला पाठ. पुढे साधनं कितीही बदलली तरी तो पाठ बदललेला नाही.

१८५४ मध्ये पुण्यात बांधकाम खात्यासाठी हाताखालचे लोक तयार करायला इंजिनिअरिंग क्लास सुरू झाला. आजच्या सीओईपीचं मूळ ते. तिथपासून पुढची शंभर वर्षं सर्वेक्षणाचं शिक्षण फलक, लेव्हल आणि थिओडोलाइट यांच्यातच फिरत राहिलं, त्यामुळे तिथे फार थांबत नाही.

मोठा फरक पडला तो विमानातून काढलेल्या छायाचित्रांनी. १९५७ मध्ये पंडित नेहरू हॉलंडला गेले असताना त्यांनी तिथली हवाई सर्वेक्षणाची आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण संस्था, आयटीसी, पाहिली. ती १९५० मध्ये विलेम शेर्मरहॉर्न या माजी डच पंतप्रधानाने उभी केली होती. तशी संस्था आपल्याकडे हवी, ही कल्पना तिथली. २१ एप्रिल १९६६ रोजी डच सरकारच्या मदतीने, सर्व्हे ऑफ इंडियाच्या छत्राखाली, देहरादूनला इंडियन फोटो-इंटरप्रिटेशन इन्स्टिट्यूट सुरू झाली. १९८३ मध्ये तिचंच नाव इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ रिमोट सेन्सिंग, म्हणजे सुरुवातीला उल्लेख केलेली भारतीय सुदूर संवेदन संस्था, असं झालं.

इथे पहिल्यांदा मोजणीदारांच्या पलीकडची माणसं आली: वनाधिकारी, भूगर्भशास्त्रज्ञ, मृदातज्ज्ञ. त्यांच्यापुढे ठेवलं जायचं ते स्टिरिओस्कोप. शेजारशेजारची दोन हवाई छायाचित्रं, एकमेकांवर साधारण ६० टक्के चढलेली. डाव्या डोळ्याने डावं पाहायचं, उजव्याने उजवं. काहींना पहिल्याच बैठकीत टेकड्या कागदातून वर उठलेल्या दिसतात, काहींना डोळे दुखेपर्यंत काही दिसत नाही. मग छायाचित्रं थोडी फिरवा, थोडी जवळ घ्या, सावली स्वतःकडे पडेल अशी ठेवा. सावली उलटी पडली तर दरीचा डोंगर दिसतो आणि डोंगराची दरी. हे पुस्तक वाचून येत नाही. शेजारी बसलेल्याने छायाचित्र दोन मिलिमीटर सरकवून द्यावं लागतं.

त्याच सुमारास केरळात माडांवर रूट विल्ट हा रोग पसरत होता. भारतातल्या सुदूर संवेदनाचे जनक मानले जाणारे पी. आर. पिशारोटी यांनी १९७० च्या आसपास हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर माडांच्या बागांची छायाचित्रं घेतली. निरोगी पानं अवरक्त प्रकाश भरपूर परतवतात, आजारी पानं कमी. त्यामुळे रोगट झाडं फिल्मवर वेगळी दिसली. या प्रयोगाचं कौतुक करताना हेलिकॉप्टर आणि फिल्म यांचंच नाव घेतलं जातं. पण फिल्मवरचा ठिपका रोगट माडाचा आहे हे ठरवायला कुणीतरी बागेत जाऊन तेच झाड पाहावं लागतं. जमिनीवरच्या या पडताळणीला सगळे जण आजही ग्राउंड ट्रुथ म्हणतात आणि प्रशिक्षणाचं अर्धं बळ तिच्यात आहे.

१७ मार्च १९८८ रोजी आयआरएस-१ए हा भारताचा सुदूर संवेदन उपग्रह बैकानूरहून सुटला. महाराष्ट्राचं सुदूर संवेदन उपयोजन केंद्र नागपूरला उभं राहिलं तेही १९८८ मध्येच. आयआरएस-१ए च्या एका कॅमेऱ्याचा एक ठिपका, म्हणजे पिक्सेल, जमिनीवर ७२.५ मीटर लांबरुंद. आपल्या मापात सुमारे ५२ गुंठे. दुसऱ्या कॅमेऱ्याचा ठिपका ३६.२५ मीटरचा, म्हणजे १३ गुंठे. कोरडवाहू पट्ट्यातल्या किती शेतकऱ्यांचं अख्खं रान एका ठिपक्यात मावलं असेल! ज्वारी, तूर, बांधावरची बाभूळ आणि पडीक तुकडा, सगळ्यांचा मिळून एकच रंग. १९९५ च्या शेवटी सुटलेल्या आयआरएस-१सी चा कृष्णधवल ठिपका ५.८ मीटरवर, म्हणजे गुंठ्याच्या तिसऱ्या हिश्शावर आला, तेव्हा कुठे शेत शेतासारखं दिसायला लागलं.

ही चित्रं वाचायला शिकताना नजर आधी मोडावी लागते. नेहमीच्या छापील चित्रात जंगल लालभडक दिसतं, कारण अवरक्त पट्टा लाल रंगात दाखवलेला असतो. ऊस लाल, जंगल लाल, भाताचं खाचर लाल. फरक कळतो तो छटेवरून, पोतावरून, आकारावरून आणि तारखेवरून. खरिपाचं चित्र ढगांमुळे मिळत नाही, मार्चमध्ये लाल दिसतंय म्हणजे पाणी आहे, आणि आयताकार लाल तुकडे कालव्याच्या खालच्या अंगाला आहेत म्हणजे बहुधा ऊस. असा तर्क करायला शेतीचं ज्ञान लागतं. म्हणून अशा वर्गांत शेतकऱ्याघरची मुलं बरेचदा संगणकात तरबेज मुलांच्या पुढे जातात, आणि शिकवणाऱ्यांनी याची मुद्दाम नोंद घ्यायला हवी.

जीपीएस अमेरिकन लष्कराचं. १९७८ पासून उपग्रह सोडले गेले, १९९५ मध्ये पूर्ण जाळं चालू झालं. मे २००० पर्यंत नागरी वापरासाठीचा संकेत मुद्दाम बिघडवून दिला जायचा आणि चूक शंभर मीटरपर्यंत जायची. ते थांबलं आणि हातातलं छोटं यंत्र एकदम कामाचं झालं. मात्र त्यावर दिसलेला आकडा नकाशावर टाकला, की नवशिक्याची फजिती ठरलेली. ठिपका पडायला हवा देवळावर, पडतो ओढ्यापलीकडे. सर्व्हे ऑफ इंडियाची जुनी टोपोशीट, पुण्यासाठी ४७ एफ/१४ म्हणा, ज्या पृथ्वीच्या आकारावर बेतलेली आहे तो आकार लॅम्बटननंतर हे काम पुढे नेणाऱ्या एव्हरेस्टने १८३० मध्ये काढला, लॅम्बटनपासून मोजत आलेल्या कमानीच्या आधारे. जीपीएस वेगळा, पृथ्वीच्या केंद्रावर बसवलेला आकार वापरतं. दोन्हींतला फरक महाराष्ट्रात शंभर मीटरच्या पुढेही जातो. हिंगणघाटला विसावलेल्या माणसाची मापं आजच्या यंत्राच्या सेटिंगमध्ये अशी समोर येतात आणि विद्यार्थ्याला ती ओळखावी लागतात. दुसरी चूक याहून साधी. १८ अंश ३० मिनिटं म्हणजे साडेअठरा, १८.५. कुणीतरी संगणकात १८.३० लिहितो आणि त्याचं गाव २२ किलोमीटर दक्षिणेला जातं.

कागद संगणकात उतरवण्याच्या शिक्षणाची आणखी एक गंमत आहे. कागदावरची रेघ जाड असते, तिच्यात पुष्कळ चुका लपतात. संगणकात शेजारची दोन शेतं वेगवेगळी काढली, तर बांधापाशी एक बारीक फट राहते किंवा एक शेत दुसऱ्यावर चढतं. शिकवणारा सांगतो, सामाईक बांध एकदाच काढा, दोघांनी तोच वापरा. हे सॉफ्टवेअरमध्ये क्षणात होतं. गावात त्याच रेघेवरून दोन दोन पिढ्या कोर्टात जातात.

आता शिकणार कोण, या प्रश्नाकडे परत येतो. स्वातंत्र्यानंतरही सीमा आणि किनारपट्टीलगतचे नकाशे सर्वांना खुले नव्हते, त्यामुळे कोकणातल्या भूगोलाच्या विद्यार्थ्याला स्वतःच्या तालुक्याची टोपोशीट सहज मिळत नसे. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी वापरासाठी नकाशांची वेगळी खुली मालिका आणली. २००९ मध्ये इस्रोचं भुवन हे नकाशांचं संकेतस्थळ आलं. क्यूजीआयएससारखं नकाशांचं विनामूल्य सॉफ्टवेअर हाताशी आलं. देहरादूनच्या संस्थेने २००७ पासून दूरस्थ वर्ग चालवून विद्यापीठांपर्यंत हे शिक्षण नेलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये नकाशे बनवण्यासाठी सरकारी परवानगीची अट भारतीय संस्थांसाठी जवळजवळ गेली.

या सगळ्याहून मोठी गोष्ट मला वाटते ती वनहक्कांची. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या, ४ हेक्टरपर्यंतच्या वनजमिनीवर आदिवासी कुटुंब दावा करू शकतं, आणि कायद्याच्या नियमांत पुराव्यांच्या यादीत नकाशांबरोबर उपग्रहचित्रांचाही उल्लेख आहे. म्हणजे जे चित्र एके काळी जंगलात अतिक्रमण किती झालं हे पाहायला वापरलं जायचं, तेच चित्र हे रान आमच्या ताब्यात तेव्हाही होतं हे दाखवायला वापरता येतं. त्यासाठी चित्र वाचणारा माणूस गावात हवा आणि शेताच्या कडेने यंत्र घेऊन फिरणारा माणूसही गावात हवा. २००९ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाले, देशातल्या अगदी पहिल्या गावांत. तेव्हापासून आपली हद्द आपण चालून मोजायची, ही गोष्ट अनेक ग्रामसभांना आपल्या आवाक्यातली वाटू लागली.

तिथल्या प्रशिक्षणात घाई चालत नाही, कारण चूक थेट माणसाच्या पोटावर येते. समजा, रान २० गुंठ्यांचं आहे, चौकोनी, बाजू साधारण ४५ मीटर. चालणारा प्रत्येक बाजूला दोन मीटर आतून गेला, तर यंत्र साडेसोळा गुंठेच दाखवतं. दोन मीटर बाहेरून गेला तर जवळजवळ २४. हातातल्या साध्या जीपीएसची स्वतःची चूक याहून जास्त असू शकते. म्हणून शिकवलं जातं ते असं: आधी उघड्यावर उभं राहून पुरेसे उपग्रह मिळेपर्यंत थांबा, चार तर हवेतच, जास्त असले तर बरं. कोपऱ्यावर मिनिटभर स्थिर राहा, तिथली नोंद वेगळी करा. मोहाच्या दाट झाडाखाली कोपरा येत असेल तर नुसत्या त्या आकड्यावर विसंबू नका. एकदा उजवीकडून फेरी घ्या, एकदा डावीकडून, आणि दोन्ही क्षेत्रफळं जुळतात का पाहा. शेताचा धनी आणि शेजारी, दोघांनाही बरोबर घ्या. विंगेटच्या काळात वरचा अधिकारी परत मोजायचा, इथे गाव स्वतःच परत मोजतं. मोजणीच्या इतिहासात हा बदल मला उपग्रहाच्या शोधाइतकाच मोलाचा वाटतो.

दुसरीकडे सरकारी मोजणीही बदलली आहे. पुणे जिल्ह्यात गावठाणांवर ड्रोन उडवून मोजणीचे प्रयोग झाले आणि २०२० पासून स्वामित्व योजनेखाली ते काम देशभर गेलं. शेतजमिनीच्या मोजणीला आता रोव्हर, म्हणजे उपग्रहांवरून जागा काढणारं यंत्र, वापरतात. कायमस्वरूपी बसवलेल्या स्थानकांकडून दुरुस्तीचा संकेत घेऊन तो काही सेंटिमीटरपर्यंत जागा सांगतो. हे यंत्र चालवायला शिकणं दोन-चार दिवसांचं काम आहे, आणि माझी तक्रार इथेच आहे. प्रशिक्षण तेवढ्यावरच संपवलं जाण्याचा धोका आहे. रोव्हर सांगतो ते तुम्ही आत्ता कुठे उभे आहात एवढंच. हद्द कुठे आहे ते त्याला माहीत नसतं. हद्दीचं मूळ असतं अभिलेख कक्षातल्या टिपणात, दीडशे वर्षांपूर्वी शंकू-साखळीवाल्याने उन्हात लिहिलेल्या आकड्यांत. रोव्हर हातात घेतलेल्या नव्या भूकरमापकाला ते टिपण वाचता आलंच पाहिजे.

७ साखळी ६ आणे असं टिपणात असेल, तर २४३ फूट साडेचार इंच, म्हणजे ७४ मीटर १८ सेंटिमीटर. हे अंतर कुठून, कोणत्या खुणेपासून मोजायचं तेही टिपणातच शोधायचं. मग रोव्हरच्या मदतीने त्या जागेवर जायचं. तिथे हद्दीचा दगड सापडतो किंवा सापडत नाही. नाही सापडला तर शेजारच्या सर्व्हे नंबरांची टिपणं काढायची, न हललेल्या दोन-तीन खुणा धरायच्या, लगतच्या खातेदारांना नोटिशी देऊन बांधावर बोलवायचं आणि सगळ्यांसमोर पुन्हा मोजायचं.